जुन्या साडीचं पहिलं दुपटं: हातानं गोधडी शिवायला शिकताना

हाताची शिवण छंद म्हणून शिकायची असेल तर सुरुवात गोधडीनं करावी, आणि तीही लहान, बाळाच्या दुपट्याएवढी. गोधडीला मुख्यतः एकच टाका लागतो, धावदोरा, म्हणजे सरळ ओळीत सुई वर-खाली नेत घातलेला साधा टाका. एका दुपट्यात तो साडेतीन हजारांच्या आसपास वेळा पडतो, त्यामुळे काम संपेपर्यंत हात आपोआप बसतो. कापड घरातलंच असतं. सुई-दोऱ्याशिवाय काही विकत आणावं लागत नाही आणि यंत्राची गरज नाही.

इथे दिलेलं माप तयार झाल्यावर साधारण ८५ × ९५ सेंमी होतं. त्यात चार थर असतात आणि एक पाचवारी सुती साडी त्याला पुरते. चारापेक्षा जास्त थर पहिल्या वेळी घेऊ नयेत. पाचव्या थरानंतर सुई एका दमात आरपार जात नाही, टाके लांब पडू लागतात आणि बोटं दुखतात. शिवाय पावसाळ्यात जाड दुपटं दोन दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो.

नव्या माणसाचं सगळं लक्ष टाक्यांच्या सुबकपणाकडे असतं. पण पहिली गोधडी बिघडते ती बहुधा त्याच्या आधीच, थर अंथरताना आणि टाचताना. वाकडा टाका धुतल्यावर कापडात मिसळून जातो. आत राहिलेली चुणी मात्र कायमची राहते. म्हणून खाली टाचण्याबद्दल जास्त लिहिलं आहे, आणि ते वगळून पुढे जाऊ नये अशी कळकळीची विनंती आहे.

साडी निवडणं

साडी निव्वळ सुती हवी. शंका असेल तर काठाजवळचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटानं चुरगळणारी राख उरते. वितळून टोकाला कडक काळा मणी धरला तर त्यात पॉलिस्टर आहे. असलं कापड घाम टिपत नाही, थरांमध्ये सरकत राहतं आणि बाळाच्या अंगाखाली गरम होतं.

जुनी साडी नव्या कापडापेक्षा चांगली, आणि ते केवळ मायेपोटी नव्हे. तिची खळ गेलेली असते, आटायचं तेवढं ती आटलेली असते आणि जाणारा रंग जाऊन चुकलेला असतो. सुई तिच्यातून लोण्यासारखी जाते. पण जुनी म्हणजे विरलेली नव्हे. साडी खिडकीसमोर उजेडात धरून पुढे सरकवत नेली की झिरझिरीत जागा लगेच दिसतात. मग दर हातभर अंतरावर कापड दोन्ही अंगठ्यांनी बेताचं ताणून पाहा. फाटल्याचा बारीक आवाज आला तर तो भाग बाजूला काढा. पायाजवळची कड आणि बसताना ताण येणारा भाग आधी विरतो. कंबरेला आत खोचलेलं टोक बहुतेक वेळा शाबूत असतं. सगळ्यांत मजबूत दोन तुकडे वर आणि खाली वापरायचे, थोडे विरलेले आत. अगदी विरलेलं कापड आतही घालू नये. धुताना ते आतल्या आत फाटतं, त्याचा गोळा होतो आणि तो बाहेरून दुरुस्त करता येत नाही.

जर असलेला काठ-पदर दुपट्यात नको, जर बाळाला टोचते. साधा सुती काठसुद्धा पहिल्या वेळी काढून ठेवा. त्याची वीण घट्ट असल्यामुळे तिथे सुई अडते, आणि तो मधल्या कापडापेक्षा वेगळा आकसतो. फॉल लावलेला असेल तर तो उसवा. फॉल बहुधा पॉलिस्टरमिश्रित असतो.

एखादा थर नव्या कापडाचा घालायचा असेल, पॉपलीन किंवा मांजरपाट, तर तो रात्रभर पाण्यात भिजवून, गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच घ्या. मांजरपाट खूप आटतो. न धुता वापरला तर पहिल्या धुण्यातच दुपट्याचा एक थर लहान होतो आणि बाकीचे त्यावर गोळा होतात. गडद लाल किंवा निळं कापड असेल तर ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. डाग उमटला तर ते कापड वापरू नका.

सामान

भरतकामाची सुई ५ ते ७ नंबरची घ्या. हातसुईत नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवा. दाभण लागत नाही. सात-आठ थरांच्या जाड वाकळीसाठी ते ठीक, चार मऊ थरांत त्याची भोकं दिसतात.

दोरा सुतीच हवा. भरतकामाची सहा पदरी लच्छी मिळते, अँकरची ८ मीटरची असते. तिचे तीन-तीन पदर वेगळे केले की एका लच्छीतून १६ मीटर दोरा होतो. ओळी अडीच सेंटीमीटर अंतरावर घातल्या तर या दुपट्यात एकूण ३५ मीटरच्या आसपास ओळ भरते. टाक्यांच्या वर-खाली जाण्यात आणि गाठींत पाव हिस्सा जास्त धरा, म्हणजे ४४-४५ मीटर. तीन लच्छ्या जेमतेम पुरतात, चार आणाव्यात. साध्या शिवणाचा सुती दोरा दुपदरी घेतला तरी चालतो, टाके फक्त बारीक दिसतात. पॉलिस्टरचा दोरा टाळा. तो कापडापेक्षा चिवट असतो, ताण आला की स्वतः तुटण्याऐवजी जुनं कापड कापतो.

याशिवाय मधल्या बोटासाठी अंगुस्तान (सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी), धारदार कात्री, टाचण्या, मोजपट्टी आणि रेघा मारायला साबणाची झिजलेली चिपटी घ्या. शिंप्याचा खडूही चालतो. बॉलपेन किंवा पेन्सिल नको, शाई पसरते आणि पेन्सिलची रेघ पांढऱ्या कापडावरून लवकर जात नाही.

कापणं

वरचा आणि आतले दोन, असे तीन तुकडे ९० × १०० सेंमी. खालचा तुकडा ९८ × १०८ सेंमी, म्हणजे चारही बाजूंनी ४ सेंमी जास्त. ही जास्तीची कड शेवटी वर दुमडून गोटासारखी शिवायची आहे, वेगळा गोट लावायची गरज पडत नाही. १०० सेंमीची बाजू साडीच्या लांबीत घ्या. साडेपाच मीटरच्या साडीतून चार तुकडे काढून १४० सेंमीच्या आसपास कापड उरतं. त्यात विरलेली जागा वगळायला आणि ठिगळं कापायला वाव मिळतो.

कापड सरळ कापण्यासाठी कडेचा एक आडवा धागा सुईनं उचलून हळूहळू ओढा. तो निघाला की कापडात बारीक रेघ दिसते, तीवर कात्री चालवा. नव्या कापडासारखं टरकन फाडू नका. जुनं कापड मध्येच भलतीकडे फाटतं. धाग्याला सोडून तिरकं कापलेलं कापड टाचताना सरळ दिसतं आणि पहिल्या धुण्यानंतर पतंगासारखं तिरपं होतं.

चारही तुकड्यांना इस्त्री करा. इथे आळस नको, सुरकुती असलेला आतला थर नंतर हाती लागत नाही.

ठिगळं (हवी असतील तर)

ठिगळं वरच्या कापडावर आधी लावून घ्यायची, थर एकत्र करण्यापूर्वी. पहिल्या दुपट्याला चार कोपऱ्यांत चार चौकोन पुरेत, हवा तर मध्ये एक. १० सेंमीचं ठिगळ हवं असेल तर साडेअकरा सेंमीचं कापा. जुन्या लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाचा १० सेंमीचा चौकोन कापून ठिगळाच्या उलट बाजूला मध्यभागी ठेवा, चारही कडा त्यावर दुमडून इस्त्री फिरवा आणि कागद काढून घ्या. कडा धारेसारख्या सरळ मिळतात. टाचण्या लावून बारीक हेमच्या टाक्यानं शिवा: सुई ठिगळाच्या दुमडीतून वर काढायची, लगेच शेजारी खालच्या कापडात घालायची, ३ मिमी पुढे सरकायचं. ठिगळ कापडाच्या कडेपासून निदान ५ सेंमी आत ठेवा, नाहीतर शेवटच्या दुमडीखाली त्याची एक बाजू जाते. ठिगळाचा उभा धागा खालच्या कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेनंच ठेवा. आडवं लावलेलं ठिगळ धुतल्यावर फुगतं.

अंथरणं आणि टाचणं

जागा हवी फरशीची. सतरंजीवर किंवा गादीवर टाचू नका, खालचं कापड तिच्यासकट शिवलं जातं आणि ताण कळत नाही.

खालचा मोठा तुकडा सुलट बाजू फरशीकडे करून पसरा. हातानं सपाट करा आणि कडा चिकटपट्टीनं फरशीला लावा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर पट्टी काढल्यावर ते परत आखडतं आणि वरचे तिन्ही थर चुण्यांनी भरतात. त्यावर आतले दोन थर एकेक करून ठेवा. मग वरचा तुकडा, सुलट बाजू वर. प्रत्येक थर ठेवल्यावर तळहात मध्यापासून कडेकडे फिरवा. कडेपासून मध्याकडे कधीही नाही, तसं केलं की हवा आणि सैलपणा मध्ये अडकतो.

आता कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरून ठेवणारे, शेवटी उसवायचे टाके. कोणत्याही फिकट, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं ५-६ सेंमी लांबीचे टाके घाला. गडद दोरा वापरला तर त्याचे तंतू कापडात राहतात. पहिली ओळ मध्यापासून वरच्या कडेपर्यंत, दुसरी मध्यापासून खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. हा अधिकाचा आकार पूर्ण झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी अंतरावर उभ्या-आडव्या ओळी घाला. शेवटी वरच्या कापडाच्या कडेपासून १ सेंमी आत चारही बाजूंनी एक फेरी. या कामाला तास-सव्वा तास लागतो. सेफ्टी पिनांनी काम भागतं असं पुष्कळ जण सांगतात. छोट्या कामाला भागतंही, पण पिनांमध्ये दोरा अडकतो, आणि दोन पिनांमधलं कापड सरकतं ते सरकतंच.

चिकटपट्टी काढा, सगळं उलटं करा आणि मागची बाजू बघा. चुणी दिसली तर त्या भागातले टाके उसवून परत घाला. मग वरच्या बाजूनं मध्यभागी कापड चिमटीत धरून उचला. चारही थर एकत्र उचलले गेले तर टाचण नीट बसली. नुसता वरचा थर वर आला तर तो सैल आहे.

धावदोरा

गोधडीची जुनी रीत म्हणजे कडेला समांतर ओळ घालत, एकात एक चौकोन करत मध्यापर्यंत जाणं. दिसायला ती फार सुंदर असते. तिचा धोका एवढाच की थोडाही सैलपणा असेल तर तो ढकलला जात मध्यावर येतो आणि तिथे फुगा धरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, अशीच बाहेरून आत शिवतात, पण त्या ठिगळं मांडत मांडतच शिवत जातात, त्यामुळे पुढचं ठिगळ आधीचा सैलपणा सामावून घेतं. आपल्या दुपट्याचं वरचं कापड एकसंध आहे, त्याला ती सोय नाही. म्हणून १५ सेंमीच्या कच्च्या टाक्यांची जाळी. ती नीट असेल तर बाहेरून आत जाण्यात काही भीती नाही. मन साशंक असेल तर मध्यापासून सुरू करून बाजूंना समांतर सरळ ओळी घाला. फुगा येणार नाही, दिसायला मात्र साधं दिसेल.

पहिली रेघ वरच्या कापडाच्या कडेपासून अडीच सेंमी आत मारा, पुढची त्याच्या आत अडीच सेंमी. सगळ्या रेघा एकदम मारू नका, हाताळताना पुसल्या जातात. दोन-तीन फेऱ्यांपुरत्याच मारा.

दोरा हातभर, ५० सेंमीपेक्षा लांब नको. लांब दोरा वारंवार कापडातून ओढला जातो, पिंजतो आणि त्याला पीळ पडून गाठी होतात. टोकाला लहान गाठ मारा. सुई ओळीच्या सुरुवातीपासून २ सेंमी दूर फक्त वरच्या थरातून घालून ओळीवर काढा आणि हलका झटका द्या, गाठ टपकन आत जाते. ती बाहेर राहू देऊ नये. धुताना झिजते आणि ओळ सुटायला लागते. दोरा संपतानाही तसंच: कापडाजवळ गाठ मारून, सुई थरांमधून २-३ सेंमी नेऊन, ओढून, दोरा कापडालगत कापायचा.

टाका ५ मिमी, मधली जागाही तेवढीच. शिकताना ७ मिमी झाला तरी हरकत नाही, सारखा असला पाहिजे. डोळ्याला लहान-मोठेपणा खटकतो, लांबी खटकत नाही. एक हात कापडाखाली ठेवा. सुईचं टोक खालच्या बोटाला लागल्याचं कळलं की ती वर वळवा, तेव्हाच समजतं की चारही थर घेतले गेले. सुई जवळजवळ जागच्या जागी धरून कापड वर-खाली डोलवत तीन-चार टाके सुईवर घ्या आणि मग अंगुस्तानानं ढकला. पहिल्या दोन फेऱ्यांत एकेक टाका घेतलात तरी चालेल.

प्रत्येक हातभर ओळीनंतर सुई सोडा आणि ती ओळ दोन्ही हातांत धरून कापड हलकं ताणा. दोरा जास्त ओढला गेला असेल तर तिथल्या तिथे मोकळा होतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. घट्ट ओढलेल्या दोऱ्यानं दुपटं ठिकठिकाणी आखडतं, आणि संपूर्ण काम झाल्यावर त्याला इलाज नसतो.

नवशिक्याला एक मीटर ओळीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे धावदोऱ्याचेच सहा ते नऊ तास. रोज अर्धा तास बसलात तर दोन-अडीच आठवड्यांत काम होतं. एका बैठकीत तासापेक्षा जास्त शिवू नका. थकलेल्या हाताचे टाके लांबतात आणि मान आखडते.

काय बिघडतं

मागच्या बाजूला टाके दिसतच नाहीत किंवा ठिपक्याएवढे दिसतात: सुई तिरकी घातली जातेय. ती शक्य तेवढी उभी घाला.

नेढ्याजवळ दोरा पिंजून तुटतो: नेढं दोऱ्याच्या मानानं लहान आहे, एक नंबर जाड सुई घ्या. तसं नसेल तर दोरा जुना आहे. हातभर तुकडा झटकन ओढून तुटला तर ती लच्छी टाकून द्या.

सुई अडते, चिकटते: हाताचा घाम. सुई कोरड्या फडक्यानं पुसा, दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या. गंज धरलेली सुई फेकून द्या, तिचे डाग जात नाहीत.

चौकोनाचा कोपरा गोल होतो: नेमक्या कोपऱ्यावर टाका संपला पाहिजे. शेवटचे दोन-तीन टाके थोडे लहान-मोठे करून तिथे सुई आणा, मग वळा.

मध्यावर फुगा दिसू लागला आणि चार-पाच फेऱ्या उरल्या आहेत: बाहेरच्या फेऱ्या उसवू नका. आतल्या भागातले कच्चे टाके काढा, फुगा चारही दिशांना हातानं पसरवा, तिथे ओळी अडीचऐवजी सव्वा सेंमीवर घाला. दाट ओळी सैलपणा पिऊन टाकतात.

कड

सगळ्या ओळी झाल्यावर दुपटं फरशीवर पसरून मोजा. शिवताना ते दोन-चार सेंटीमीटर आखडलेलं असतं, ते तसंच असायचं. वरच्या तीन थरांच्या कडा कमी-जास्त झाल्या असतील तर सारख्या कापा, खालचा थर न कापता. त्याची कड चारही बाजूंनी ४ सेंमी बाहेर राहील अशी करून घ्या.

आधी कोपरे. खालच्या कापडाचं टोक तिरकं आत दुमडा, ते वरच्या थरांच्या कोपऱ्याला टेकेल इतकं. मग बाजू २ सेंमी दुमडा, म्हणजे तिची कड वरच्या थरांच्या कडेला भिडते. आणखी एकदा दुमडा, ती वरच्या कापडावर २ सेंमी चढते. शेजारची बाजूही अशीच दुमडली की कोपऱ्यात तिरकी सांध जुळते. टाचण्या लावा, सांध हेमच्या टाक्यानं शिवा आणि मग दुमडीची आतली कड चारही बाजूंनी ३ मिमीच्या हेमच्या टाक्यानं घट्ट बसवा. हा टाका मागच्या बाजूला दिसला नाही तरी चालेल, पण निदान दोन थर पकडायला हवेत. धुताना सगळा ताण कडेवर येतो.

कच्चे टाके उसवा आणि सुटे दोरे दोन्ही बाजूंनी तळहात फिरवून शोधा. लोंबता दोरा तान्ह्याच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, म्हणून हे शोधणं मनापासून करा. टाचण्या मोजून घेतल्या असतील तर परत मोजा. दुपटं अंथरायला, मांडीवर घ्यायला, खेळवायला उत्तम. पण वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर सैल पांघरूण टाकून ठेवू नये, ते तोंडावर येऊ शकतं.

देण्यापूर्वी एकदा साध्या पाण्यात हलक्या साबणानं धुवा, पिळू नका. हातांनी दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळत घाला. एकाच दोरीवर टाकलं तर ओल्या कापडाच्या वजनानं मधली ओळ ताणली जाते. वाळल्यावर टाक्यांमधलं कापड किंचित वर उठतं आणि ओळींच्या लाटा दिसू लागतात. इस्त्री करून त्या घालवू नका.

मोठ्या गोधडीकडे जाताना

एका माणसाच्या गोधडीचं माप साधारण १५० × २१५ सेंमी. साडीचा पन्हा (रुंदी) तेवढा नसल्यामुळे प्रत्येक थराला दोन पन्हे जोडावे लागतात, म्हणजे एका थराला एक पाचवारी साडी. जोड थरागणिक डावी-उजवीकडे सरकवा. चार जोड एकावर एक आले तर तिथे सुई जात नाही. त्याच अडीच सेंमीच्या अंतरानं १३० मीटरच्या आसपास ओळ भरते आणि दोऱ्याच्या अकरा-बारा लच्छ्या तीन पदरांनी लागू शकतात. सगळ्या लच्छ्या एकाच वेळी, एकाच रंग क्रमांकाच्या घ्या. महिन्याभरानं आणलेल्या लच्छीची छटा थोडी वेगळी निघते आणि ती नेमकी मधल्या चौकोनांत दिसते.